किती शांततेनंतर बटण सुटलं म्हणायचं

मोठी आई,

तुझी तेरवी आटोपली, तळेगावची आणि रोहण्याची मंडळी परतली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईने पहिल्यांदा टीव्ही लावला. आवाज वाढवायला तिने रिमोटचं बटण भराभर दाबलं. आवाज एकच पायरी वाढला. तिने पुन्हा तसंच दाबलं. पुन्हा एकच पायरी. "सायले, हा रिमोट मेला वाट्टे," ती बैठकीतून ओरडली, आणि स्वतःचाच शब्द कानावर पडल्यावर तिने रिमोट खाली ठेवला.

रिमोट ठीक होता. टीव्हीमागचा छोटा संगणक अजून तुझ्या हाताच्या हिशोबाने चालत होता. एक बटण एकदा दाबलं की, हात पाऊण सेकंद पूर्ण थांबेपर्यंत, तेच बटण कितीही वेळा दाबलं तरी तो ते मोजत नव्हता. कंपवाताने थरथरणाऱ्या बोटासाठी मी त्याला तसं शिकवलं होतं. आईचं बोट थरथरत नाही, म्हणून तिला तो मंद वाटला.

आपला वाद त्या पाऊण सेकंदाचा होता, आणि तू गेलीस तेव्हा तो मिटलेला नव्हता. तो बदल मला ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ स्रोतात, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या तिच्या कोडमध्ये, पाठवायचा होता. तिथे तो स्वीकारला गेला, तर जगातल्या कुठल्याही घरात पोचू शकतो. कोणत्या रूपात पाठवायचा हे ठरवण्याचा अधिकार लिहिणारीचा, म्हणजे माझा. अडचण एवढीच की ज्या एका माणसाच्या हातासाठी तो लिहिला, त्या माणसाला तो मान्य नव्हता.

नात्याने तू बाबांची वहिनी; पण मला आठवतं तेव्हापासून तू या घरातली अंतिम अपील होतीस. मोठे बाबा गेल्यावरही तळेगावचा भाजीचा मळा तू सोडला नाहीस. वांगी, पालक, सांबाराच्या हिरव्या जुड्या; बाजाराच्या दिवशी ताजव्यातून भाजी पिशवीत गेल्यावर वरून एक मूठ टाकायची तुझी सवय. मला नागपूरला इंजिनिअरिंगला पाठवायचं की नाही यावर बाबा घुटमळत होते, तेव्हा तू मळ्यातून थेट वर्ध्याला, नालवाडीच्या आमच्या घरी आलीस, पाणीही न पिता म्हणालीस, "पोरगी शिकून राह्यली, तुले काय होऊन राह्यलं?" निर्णय झाला. त्या निर्णयाचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं. ते आता इथे नोंदवते.

हात थरथरू लागल्यावर तुझ्या मुलाने, प्रशांतदादाने, तुला पुण्याला नेतो म्हटलं. तू नाही म्हणालीस आणि आमच्याकडे आलीस, कारण नालवाडीहून रोहण्याची बस मिळते आणि रोहण्याला तुझी बहीण, बेबीमावशी. पुढे बसचा प्रवास तुला झेपेना. मोबाइलच्या काचेवर बोट टेकवलं की ते चार ठिकाणी टेकायचं. तेव्हा व्हिडिओ कॉलसाठी मी टीव्हीला संगणक आणि कॅमेरा जोडला. पडद्यावर नातेवाइकांच्या फोटोंचे चौकोन, आणि चौकोनांवरून फिरायला जुन्या डिश अँटेनाचा बिनकामाचा पडलेला रिमोट. त्याची बटणं उंच होती, रबरी होती, बोटाला सापडत होती.

रिमोटचं दाबणं संगणकाला कळवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम मी तुला समजावून सांगितला तो प्रसंग मला शब्दशः आठवतो.

"रिमोटच्या तोंडाशी एक दिवा आहे, मोठी आई. तो लुकलुकते. आपल्याले दिसत नाई, पण टीव्हीखालच्या या काळ्या डोळ्याले दिसते. प्रत्येक बटणाची लुकलुक येगळी. ड्रायव्हर ते पाहून संगणकाले सांगते, हे बटण दाबलं."

"आन् सोडलं, हे कोण सांगते?"

तू हे सहज विचारलंस. मी त्याचं उत्तर घाईत दिलं आणि पुढचं वर्षभर त्यातच अडकले. कळफलक दोन्ही गोष्टी सांगतो: बटण दाबलं आणि बटण सोडलं. हा रिमोट फक्त पहिली सांगतो. बोट उचललं की तो नुसता थांबतो. म्हणजे बटण सुटलं हे ड्रायव्हरने शांततेवरून ताडायचं असतं. किती शांतता झाली म्हणजे सुटलं म्हणायचं, हा आकडा ड्रायव्हर लिहिणारा ठरवतो. तो लहान ठेवला तर थरथरीतलं प्रत्येक टेकणं नवं दाबणं ठरतं. मोठा ठेवला तर थरथर गिळली जाते, पण मुद्दाम दोनदा दाबलेलंही गिळलं जातं.

पहिल्या आठवड्यात आकडा लहान होता. त्याचं फळ तुला लगेच मिळालं. तू बेबीमावशीच्या चौकोनाकडे निघालीस, बोट तीनदा टेकलं, निवड तीन घरं पुढे गेली आणि फोन लागला आर्वीला, प्रशांतदादाच्या सासऱ्यांना. भाऊसाहेब नुकतेच आंघोळ करून निघाले होते. आपल्या बैठकीच्या भिंतीवर, भल्यामोठ्या पडद्यावर, ते टॉवेलवर उभे.

"अवो बाई, नमस्कार," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने शर्ट शोधू लागले.

तू पदर तोंडाशी नेलास. "व्याहीबुवा, तुमी आदी कपडे घाला. मंग बोलू." मग माझ्याकडे वळून, ते ऐकत असताना, "मी बेबीले लावून राह्यली होती. हे उघडेबंब कुठून आणले तू?"

आई हसून हसून ओट्याला टेकली. मी त्याच संध्याकाळी आकडा वाढवला. बटण धरून ठेवलं तर आपोआप पुढे सरकण्याची सोयही बंद केली. दुसऱ्या दिवशी निवड घरोघर नीट थांबत गेली, आणि बेबीमावशी पहिल्या प्रयत्नात लागली. मला ते यश वाटलं. अजूनही वाटतं.

तुला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी तू मला हाक मारलीस.

"बेबी दोन घरं पुढं आहे. मी दोनदा दाबलं. तुह्या डब्ब्यानं एकच काऊन धरलं?"

"दुसरं दाबणं थरथरीचं असू शकते, मोठी आई."

"आन् नसू शकते."

"मशीनले कसं समजन?"

"मशीनले नाई समजत तं मशीननं गप बसावं. बोट माह्यं, दाबणं माह्यं. मी काय म्हटलं ते मोडून सांगणारं हे कोण?"

मी म्हणाले, थोडं थांबून दाब. तू म्हणालीस, जन्मभर मळ्यातली कामं भराभर केली, आता या वयात डब्ब्यासाठी दमानं घेऊ काय. आपण दोघी जेवायच्या वेळेपर्यंत बोललो नाही; जेवताना तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस, म्हणजे भांडण तहकूब.

मी प्रश्न अभ्यासाचा केला. तुझी प्रत्येक लुकलुक टिपून घेतली. थरथरीच्या टेकण्यांमधली अंतरं जवळपास सारखी निघतात. मनाने दाबलेल्याची तशी नसतात. या फरकावर एक पद्धत बसवली, आणि ती बरीच चालली. मग लक्षात आलं की सकाळच्या गोळीआधीचा तुझा हात आणि गोळी लागू पडल्यानंतरचा तुझा हात हे दोन वेगळे हात आहेत. मी पद्धतीला दोन्ही शिकवायला निघाले. पडद्यावर तुझ्या बोटाचा आलेख काढला आणि तो तुला कौतुकाने दाखवला. तू बराच वेळ पाहिलास.

"हे मी आहो?"

"तुह्यं बोट."

"डॉक्टरनंबी असाच कागद काढलता. त्याच्यावरबी मी नव्हती." मग म्हणालीस, "हात आज बरा आहे का नाई, हे मले उठल्याबरोबर समजते. मले इचार न. मले बटण दे एक. बरा असला तं मी सांगन, बरा नसला तं सांगन."

तू रिमोटवरचं लाल बटण निवडलंस, कारण ते कधीच कोणी दाबलेलं नव्हतं. ते एकदा दाबलं की प्रत्येक टेकणं मोजायचं, पुन्हा दाबलं की थरथर गाळायची. माझा विरोध तांत्रिक होता आणि तो मी तुला पूर्ण सांगितला. ड्रायव्हरने दाबलेलं वर पोचवावं. कोणाच्या हाताला काय सोयीचं हे त्याच्या वरच्या थराने, म्हणजे पडद्यावरच्या प्रोग्रामने, ठरवावं. यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे दिसत नसलं तर वाईट, कारण माणूस ते विसरतो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "हे सारं खरं असन. बटण लाव."

मी लावलं. आणि तू विसरलीस. लाल बटण दाबून सकाळ गेली, गोळीचा असर उतरला, आणि दुपारी फोन पुन्हा आर्वीला. या वेळी भाऊसाहेब कपड्यांत होते. मी शेजारच्या खोलीतून धावत आले, कारण मला माझा मुद्दा सिद्ध झालेला पाहायचा होता.

"लागला न चुकून?"

"चुकून कायले? मुद्दाम लावला. तब्येत इचारायले."

"मोठी आई, खरं सांग."

"व्याहीबुवा, सांगा इले, मी तब्येत इचारली का नाई?"

"इचारली," भाऊसाहेब पडद्यावरून म्हणाले. "जेवलो का, हेबी इचारलं."

दोघांनी मिळून मला हरवलं. त्या दिवशी मी लाल बटण काढून टाकलं आणि पुन्हा पाऊण सेकंद लावला. तू आक्षेप नोंदवलास, म्हणजे संध्याकाळचा चहा माझ्या हातून घेतला नाहीस. आई मध्ये पडली नाही. ती म्हणाली, तुमचं तुमी पाहा.

माझं या कामात काय अडकलं होतं हे तुला ठाऊक होतं. रिमोट-कळफलकांच्या इनपुटच्या या भागात बदल करणारे जगभरातले लोक मोजके; त्यांत माझं नाव यावं ही माझी इच्छा मी कधी लपवली नाही. तू एकदा विचारलंस, "तुह्यं नाव कुठं दिसन मंग? टीव्हीवर?" मी म्हटलं, टीव्हीच्या आत. "आत कोण पाह्यते?" मी म्हटलं, जे आत पाहतात तेवढ्यांनीच पाहिलं तरी पुरे. तू मान हलवलीस. तुला ती महत्त्वाकांक्षा विचित्र वाटली असेल, पण तू तिला नावं ठेवली नाहीस. उलट बेबीमावशीला पडद्यावर सांगितलंस, "आमची पोरगी डब्ब्याच्या आतलं लिहिते. बाह्यरचं तं सारेच लिह्यतात." ते वाक्य मी ऐकलं हे तुला माहीत नाही.

मग छातीत कफ भरला आणि दवाखाना. तिथलं मी फार लिहीत नाही. एक मात्र लिहायला हवं. पलंगाच्या दांडीला बेल बांधलेली होती. तू तिचं बटण दाबलंस, थरथरत, अनेकदा. नर्स आली एकदाच, तीही सावकाश. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तू मला म्हणालीस, "पाह्य. यायनंबी तुह्यावालाच डब्बा लावून ठेवला." नर्सला काही कळेना. आपण दोघी हसलो, तुला खोकला आला, आणि तिने मला बाहेर काढलं. भेटायच्या वेळेत पुन्हा आत गेले तेव्हा तू झोपली होतीस. आपलं त्यानंतर बोलणं झालं नाही. मला तुझ्याकडून एक उत्तर हवं होतं: दुसऱ्यांदा आर्वीला लागलेला फोन चुकून की मुद्दाम? वाद जिंकण्यासाठी हवं होतं, हे मान्य आहे. पण हिशोब बरोबर राहण्यासाठीही हवं होतं.

तेरवीला भाऊसाहेब आले. पंगत उठल्यावर मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. तुझ्या विहीणबाई गेल्यापासून ते आर्वीच्या घरात एकटे असतात, हे तुला माहीत होतं. मला नुसतं ऐकून माहीत होतं.

"बाईचा फोन यायचा," ते म्हणाले. "हप्त्यातून एखाद-दोन डाव. तुमी कामात असल्या का लावायच्या. पह्यले म्हणायच्या, चुकून लागला. मंग म्हणायच्या, लागलाच आहे तं सांगा, काय शिजवलं?"

"काका, दर डाव चुकून म्हणायच्या?"

"दर डाव." ते थोडं हसले. "मीबी म्हणायचो, काई हरकत नाई, लागला तं लागला."

त्या रात्री मी माझ्या नोंदी उघडल्या. आर्वीला लागलेला प्रत्येक फोन मी त्यांत चूक म्हणून धरला होता. माझी पद्धत किती वेळा फसते हे त्यावरून काढलं होतं, आणि आकडा वाढवण्याचं समर्थनही त्यावरच उभं होतं. आता त्यांतल्या काही फोनांना चूक म्हणता येत नाही. कोणत्या, हे एकच व्यक्ती सांगू शकली असती, आणि तिला विचारलं असतं तरी तिने बहुधा सांगितलं नसतं. तुझ्या बोटाच्या लुकलुकीत मी थरथर आणि इच्छा वेगळी करायला निघाले होते. तू तर त्या थरथरीचाच आडोसा केला होतास. तुला एकट्या माणसाला फोन करायचा होता आणि तो केल्याचं कोणाला दिसू द्यायचं नव्हतं, त्यालाही नाही.

मला राग आला, हे लिहायला हवं. नोंदी खराब झाल्या म्हणून आला. तो दोन-तीन दिवसांत उतरला. उरलं ते असं की माझा मुद्दा पुराव्याशिवाय उभा आहे, आणि तुझाही तसाच. तू लाल बटण विसरलीस की नाही, हेच ठरत नाही. विसरली नसलीस, तर तुझी पद्धत चालत होती. विसरली असलीस, तर माझी हरकत रास्त होती. वैज्ञानिक दृष्टीने निकाल लागत नाही. निकाल न लागताच निर्णय घ्यायचा, हे मला नवीन आहे. मळ्यात तू तो रोज घेत असशील.

आईचा टीव्ही मी पूर्ववत केला. आकडा मूळचा ठेवला, आणि आवाज पुन्हा तिच्या बोटाबरोबर वाढू लागला. "हं, आता कसं," ती म्हणाली आणि मालिका पाहू लागली. त्या कामाला मिनिटही लागलं नाही. ते मी काही दिवस पुढे ढकललं होतं, त्याचं तांत्रिक कारण नव्हतं.

मग बदल पाठवायला बसले. शेवटी दिलेलं रूप हे असं: थांबण्याचा वेळ रिमोट वापरणाऱ्याला बदलता येईल, कधीही, बंद-चालू न करता. सुरुवातीला तो शून्य असेल, म्हणजे न सांगता कोणाचंही दाबणं गाळलं जाणार नाही. हा भाग तुझ्याकडे झुकला आहे. लाल बटण मात्र ड्रायव्हरमध्ये नाही. ते वरच्या थराचं काम आहे असं माझं मत होतं, आहे, आणि तू असतीस तर आपण यावर आजही बोलणं टाकलं असतं. अंतरांवरून थरथर ओळखणारी पद्धत मी काढून घेतली. ती वाईट नव्हती. पण जिच्या आधारावर तिची पारख केली, ती मोजणीच आता भरवशाची नाही.

अशा बदलासोबत एक टिपण जातं. काय बदललं, का बदललं, कोणी वापरून पाहिलं. वापरून पाहणाऱ्याचं नाव घालायचं तर त्याची संमती घ्यावी लागते. तुझी मी घेतली नव्हती, म्हणून नाव नाही. पण टिपणात एक परिच्छेद मी घातला, आणि तो लिहायला बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला. तो असा: हा बदल दीर्घकाळ वापरलेल्या, कंपवात असलेल्या एका वृद्ध स्त्रीचा त्याला आक्षेप होता. तिच्या मते दाबणं हेतूचं होतं की नव्हतं, हे यंत्राने अनुमानाने ठरवू नये. त्या क्षणी सांगण्याची सोय माणसाच्या हातात असावी. लेखिकेला हा आक्षेप अंशतः मान्य आहे. तुझं बोलणं परकीय भाषेत, तेही कोरड्या तांत्रिक शब्दांत, मी जपून उतरवलं. माझं मत शेवटच्या वाक्यात वेगळं ठेवलं, तुझ्या बोलण्यात मिसळलं नाही.

काल या भागाची देखरेख करणाऱ्या माणसाचं उत्तर आलं. तो मला ओळखत नाही, वर्धा कुठे आहे हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही. त्याने दोन ठिकाणी नावं सुधारायला सांगितली, शून्याला हरकत घेतली नाही, आणि तुझ्या परिच्छेदाखाली एक ओळ लिहिली: आक्षेप महत्त्वाचा आहे, दुरुस्त केलेली आवृत्ती त्या बाईंकडून पुन्हा वापरून घेऊन त्यांचं मत कळवता येईल का?

नावं मी सुधारली. त्या ओळीखाली आज सकाळी उत्तर लिहून पाठवलं. ते दोनच वाक्यांचं आहे. वापरून घेणं शक्य नाही. आक्षेप कायम आहे.